नोटीस नव्वद दिवस, गाव सोलापूर: एका सिनिअर डेव्हलपरच्या नोकरीबदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी ते ऑगस्ट २०२५ मधलं आहे. उमेदवार माझ्याच कॉलेजची, माझ्यानंतर काही वर्षांनी पास झालेली. ओळख पटू नये म्हणून कंपन्यांची नावं गाळली आहेत आणि घरचे-कामाचे काही तपशील बदलले आहेत. तारखा मात्र तशाच ठेवल्या, कारण यातला निम्मा हिशेब तारखांचाच आहे. मसुदा तिने वाचला आणि "दादा, असं मी बोललेच नव्हते" म्हणत दोन-तीन वाक्यं बदलूनही घेतली.

इंजिनिअरिंग सोलापुरात, मग हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत जावावर काही वर्षं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे" म्हणून एक बॅग घेऊन ती सोलापूरला आली आणि इथलीच झाली. १० ऑगस्ट २०२० ला पुण्याच्या एका प्रॉडक्ट कंपनीत घरूनच रुजू झाली. वितरकांच्या बिलिंगचं आणि वसुलीचं सॉफ्टवेअर, जावा आणि स्प्रिंग बूट, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. त्यातलं पेमेंटचं मॉड्यूल पहिल्यापासून तिच्याकडे. रात्री दोन वाजता पैसे अडकले तर फोन तिलाच येणार, असं काम.

घर जुळे सोलापुरात. नवऱ्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माल एका निर्यातदाराला जातो. मुलगी पाचवीत, सासू-सासरे सोबत. कारखाना उचलून पुण्याला नेता येत नाही. पुढचे सगळे निर्णय समजून घ्यायचे तर हे वाक्य ध्यानात ठेवावं लागेल.

अडचण

मेल आली ती ऐन गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीच्या मध्यावर. एप्रिलपासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिसला यायचं, सगळ्यांनी. सोलापूर-पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे उठून जायचं आणि त्याच गाडीने रात्री परत यायचं, हे एखाद्या कामापुरतं ठीक. आठवड्यातून तीनदा, वर्षभर, ते माणसाचं काम नाही. तिच्या मॅनेजरने धडपडून तिच्यापुरती सवलत मिळवली, तीही सप्टेंबरअखेरपर्यंत. "पुढचं पुढे बघू," तो म्हणाला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

म्हणजे हातात आठ महिने. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण तिचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायची मुदत, ९० दिवसांचा, तो वजा केला की खरा वेळ पाचच महिन्यांचा. शिवाय १० ऑगस्टला तिची कंपनीत पाच वर्षं पूर्ण होणार होती. तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, देत असे. हिशेब शेवटच्या बेसिकचे (महिन्याच्या मूळ पगाराचे) १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तिचं बेसिक ६५,००० होतं. त्यावर पाच वर्षांचे १,८७,५०० रुपये होतात. चार वर्षं २४० दिवसांवरही हक्क मिळतो असा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आहे आणि काही कंपन्या तो मानतात. तिने एचआरला मेल करून विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं: पाच वर्षं पूर्ण.

आणि शेवटची मुलाखत तिने दिली होती २०२० मध्ये.

समोरचे पर्याय

पुण्याला बिऱ्हाड करायचं, म्हणजे मुलीला घेऊन ती तिकडे आणि नवरा इकडे. सासऱ्यांनी या पर्यायावर काही बोलायचं टाळलं. त्यातच उत्तर होतं.

पुण्यात मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन मंगळवार ते गुरुवार तिकडे राहणं, हा मधला मार्ग तिने गंभीरपणे तपासला. भाडं परवडत होतं. पण पेमेंटच्या मॉड्यूलची ऑन-कॉल ड्युटी आणि मुलीच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर काय, याचं उत्तर सापडलं नाही.

सोलापुरातच नोकरी? इथे सॉफ्टवेअरची कामं आहेत. दवाखान्यांची, पतसंस्थांची, सूतगिरण्यांची हिशेबाची सॉफ्टवेअर करणारे चांगले लोक आहेत. पण तिच्या अनुभवाची आणि पगाराची जागा तिथे नाही, हे त्यांनीच तिला मोकळेपणाने सांगितलं. कॉलेजात शिकवायचा विषय निघाला आणि पगार ऐकून तिथेच संपला.

परदेशी ग्राहकांसाठी फ्रीलान्स काम करावं, असं मला वाटत होतं. सेवा निर्यात धरली जाते, एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) भरलं की जीएसटी शून्य दराने लागतो. पण घरात एक धंदा आधीच आहे, महिनाअखेरीला कुणाचं पेमेंट कधी येणार याची चिंता आधीच आहे, तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाचा पगार एक तारखेला आलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं पडलं. ते पटण्यासारखं होतं.

उरली दुसरी नोकरी, पूर्ण रिमोट, सिनिअर डेव्हलपरची.

मुलाखती: पहिले दोन महिने

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. जॉब पोर्टलवर रिझ्युमे अपडेट केला आणि दिसेल तिथे अर्ज टाकले. फोन आले, पण सगळे एकाच साच्यातले. रिक्रूटर नाव नीट विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारायचा: करंट सीटीसी (सध्याचा वार्षिक पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, ऑफिशियल नोटीस पिरियड. "नव्वद दिवस" म्हटलं की पलीकडे एक छोटा विराम. मग "निगोशिएबल आहे का मॅडम?" आणि मग "आय विल गेट बॅक टू यू". गेट बॅक कुणीच केलं नाही.

त्यात अर्ध्या लोकांनी "रिमोट" लिहून ठेवलेलं असायचं आणि तिसऱ्या राउंडला कळायचं की महिन्यातले आठ दिवस बेंगळुरूला यायचंय. एका कंपनीचे तीन राउंड असे वाया गेल्यावर तिने पहिला नियम केला: पहिल्या फोनवर पहिलं वाक्य, "मी सोलापूरला असते आणि इथूनच काम करणार आहे, तुमच्या पॉलिसीत हे बसतं का?" फोनची संख्या निम्म्यावर आली. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय. उमेदवाराला वाटतं, आधी आपण आवडू दे, मग गावाचं सांगू. पण ज्या माणसाला आपण आवडतो त्या माणसाच्या हातात पॉलिसी बहुतेक वेळा नसते.

बेंगळुरूच्या एका ई-कॉमर्स कंपनीची ऑनलाइन टेस्ट मार्चमध्ये झाली. कॅमेरा चालू, ७५ मिनिटं, दोन प्रॉब्लेम. पहिला सुटला, दुसऱ्याच्या मध्यावर वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, त्याची तिने काळजी घेतली होती. पण गल्लीच्या कोपऱ्यावर फायबरचा जो डबा आहे त्याला बॅकअप नाही, हे त्या दिवशी कळलं. टेस्ट आपोआप बंद. तिने पंधरा मिनिटांत मोबाइलच्या नेटवरून रिक्रूटरला मेल केली, स्क्रीनशॉटसह, रडगाणं न गाता. दुसऱ्या दिवशी नवी लिंक आली. त्यानंतर प्रत्येक राउंडला मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवलेला असायचा. उन्हाळ्यात आणखी एक ताप: कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर जायची. एप्रिल-मेच्या दुपारी कूलर बंद करून, मानेवर ओला टॉवेल ठेवून तिने राउंड दिले आहेत. टॉवेल अर्थातच घरच्या कारखान्यातला.

टेस्ट पार पडली, डिझाइनचा राउंड मात्र हुकला. प्रश्न होता नोटिफिकेशन सिस्टिमचा. तिने लगेच काफ्का, रेडिस, मायक्रोसर्व्हिसेसचे चौकोन काढायला घेतले. समोरच्याने विचारलं, "किती नोटिफिकेशन्स धरल्यात तुम्ही?" तिने धरलेच नव्हते. मी स्वतः काही वर्षं मुलाखतीच्या पॅनेलवर बसलोय. ही चूक सर्वांत जास्त अनुभवी लोक करतात, कारण त्यांना मोठ्या सिस्टिमची नावं माहीत असतात.

मग आम्ही रविवारी सकाळी आकड्यांचा सराव सुरू केला. दिवसात ८६,४०० सेकंद. तोंडी हिशेबाला एक लाख धरायचे. दिवसाला दहा लाख व्यवहार म्हणजे सेकंदाला सरासरी दहा-बारा. गर्दीच्या वेळी दहापट धरले तरी शंभर-सव्वाशे. एवढं तर एका ठीकठाक मशीनवरचं पोस्टग्रेस सहज पेलतं. हे कळल्यावर "शार्डिंग (डेटा अनेक मशीनवर वाटणं) कसं करणार?" या प्रश्नाला "आत्ता करणार नाही, आणि कधी करावं लागेल ते सांगते" असं उत्तर देता येतं. आपल्याच सिस्टिमचे आकडे तिला पाच वर्षांत कधी काढावे लागले नव्हते. काढल्यावर ती जरा खट्टू झाली. वाटत होतं त्यापेक्षा सिस्टिम लहान निघाली.

दुसरी एक मुंबईची पेमेंट कंपनी. तिथे मशीन कोडिंगचा राउंड: मित्रांमध्ये खर्च वाटून घेण्याचं ॲप, ९० मिनिटांत, चालणारं. तिने सवयीप्रमाणे आधी क्लासेस नीट आखले, टेस्ट लिहिल्या, आणि वेळ संपली तेव्हा मुख्य हिशेब अर्धवट. नकार आला. तिला याचा राग आला, कारण रोजच्या कामात तिची पद्धतच बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. पण या राउंडचा खेळ वेगळा: पहिल्या पाऊण तासात काहीतरी चाललं पाहिजे, मग सजावट. पुढच्या वेळी तिने तसंच केलं आणि पार पडली. याहून खोल त्यात काही नाही.

पुण्याच्या एका सर्व्हिस कंपनीने शनिवारी भरतीचा ड्राइव्ह ठेवला होता. तिथे जावातल्या हॅशमॅपची बकेट किती लांबली की तिचं झाड होतं (उत्तर आठ), असे प्रश्न. ती सगळी उत्तरं तिला येत होती. एप्रिलअखेर ऑफर आली. पगार बरा, पण हायब्रिड, आठवड्याला दोन दिवस हिंजवडी. स्वीकारायला सात दिवसांची मुदत.

राजीनाम्याचा निर्णय

इथे प्रकरण खरं अडलं.

तिच्या लक्षात आलं होतं की तांत्रिक राउंडला ती फारशी पडत नाहीये. तिथपर्यंत पोहोचतच नाहीये. कारण ९० दिवस. कंपन्यांची बाजूही मला माहीत आहे: तीन महिन्यांच्या नोटीसवाल्या माणसाला ऑफर द्यायची, त्याने तीच ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त मागायचं आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, हे इतक्यांदा झालंय की पोर्टलवर फिल्टर लावूनच उमेदवार शोधतात. "सर्व्हिंग नोटीस" (राजीनामा दिलाय, नोटीसचे दिवस भरतोय) असा शिक्का असला की तोच रिझ्युमे वर येतो.

म्हणजे आधी राजीनामा, मग ऑफर? आपल्याकडे हे उलटं चालणं समजतात, आणि उगाच नाही.

घरी चर्चा झाली ती जेवताना. सासरे म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं व्हय?" नवऱ्याची अडचण वेगळी होती. २ एप्रिलला अमेरिकेने भारतीय मालावर २६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं आणि आठवडाभरात त्यातलं बरंचसं लांबणीवरही टाकलं. पण तेवढ्यात निर्यातदाराने नव्या ऑर्डरी हातात धरून ठेवल्या. "तुझा पगार चालू आहे म्हणून मी निवांत आहे बघ," तो म्हणाला. "दोन्हीकडून एकदम नको."

मीही विरोधात होतो. माझा सल्ला होता, पुण्याची हायब्रिड ऑफर स्वीकारून ठेव, मग राजीनामा दे, चांगलं मिळालं तर तिला नाही म्हण. सगळे असंच करतात. तिने नकार दिला. ज्या सवयीमुळे नव्वद दिवसवाल्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, तीच सवय मी तिला शिकवत होतो, असं तिने माझ्या तोंडावर म्हटलं. तिने त्या कंपनीला मुदत वाढवून मागितली, एक आठवडा मिळाला, आणि शेवटी स्पष्ट नाही कळवलं.

तरीही राजीनामा लगेच दिला नाही. तिने कॅलेंडर घेतलं. राजीनामा एप्रिलअखेर दिला तर शेवटचा दिवस जुलैअखेर, पाच वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस कमी, आणि १,८७,५०० गेले. १५ मेला दिला तर ९० दिवस १३ ऑगस्टला भरतात. चार दिवस पदरात. नोटीसचे दिवसही सेवेतच मोजले जातात. म्हणून १५ मे.

धोका एक उरत होताच: कंपनीने स्वतःहून आधी मोकळं केलं तर? राजीनाम्याच्या मेलमध्ये तिने एक ओळ घातली की मी पूर्ण ९० दिवस काम करीन, माझा शेवटचा दिवस १३ ऑगस्ट, आणि पेमेंट मॉड्यूल सोपवायचा आठवडावार आराखडा सोबत जोडला आहे. त्या आराखड्याने काम केलं. ज्याच्या गळ्यात ते मॉड्यूल पडणार होतं तो तिला ऑगस्टच्या आधी सोडायला तयार नव्हता.

घरी तिने एक गोष्ट कबूल करून घेतली आणि एक स्वतः कबूल केली. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात आधीच काढलेला होता, त्याला कारखान्यासाठी हात लागणार नाही. आणि जुलैअखेरपर्यंत काही झालं नाही, तर मंगळवार ते गुरुवार पुण्याची खोली. सासऱ्यांनी मान हलवली. ती होकाराची होती का, ते तिला आजही माहीत नाही.

राजीनाम्यानंतरच्या मुलाखती

१६ मेला पोर्टलवर नोटीसची स्थिती बदलली आणि फोनची तऱ्हाच बदलली. तीच उमेदवार, तोच रिझ्युमे. विराम गेला. आता पलीकडून घाई होती.

इतके फोन आले की तिने दुसरा नियम केला: एका आठवड्यात दोनच कंपन्या. कारण दिवसभर नोकरी होती, हँडओव्हर होता, आणि थकून दिलेला राउंड हा वाया घालवलेला राउंड असतो. मला तेव्हा हे धाडसाचं वाटलं होतं.

त्यातली एक बेंगळुरूची, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी. टीम देशभर विखुरलेली. तिच्याशी बोलणं मेच्या सुरुवातीलाच चालू झालं होतं, पण राजीनाम्यानंतर एकदम वेग आला. त्यांचा पहिला तांत्रिक राउंड मला फार आवडला: कोड लिहायचा नाही, दुसऱ्याने लिहिलेला तीनशे ओळींचा बदल वाचायचा आणि रिव्ह्यू द्यायचा. एकाच क्लासमधल्या मेथडला आतूनच हाक मारलेली, तिच्यावर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन, म्हणजे सगळं एकत्र नोंदव नाहीतर काहीच नको, अशी खूण. स्प्रिंगमध्ये नेहमीच्या प्रॉक्सी पद्धतीत अशी आतली हाक प्रॉक्सीला, म्हणजे ती खूण वाचणाऱ्या मधल्या थराला, चुकवून जाते आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. हे तिने दुसऱ्या मिनिटाला पकडलं, कारण यावर तिने स्वतः एक रात्र घालवली होती.

खरा राउंड पुढचा. "तुम्ही हाताळलेली एक अवघड घटना सांगा." याची तयारी आम्ही वेगळ्या तऱ्हेने केली होती. ती घटना ती मला मराठीत चहा पिता पिता इतकी छान सांगायची, आणि इंग्रजीत सांगायला लागली की नुसती तंत्रज्ञानाची नावं उरायची. म्हणून आधी मराठीत सांगायची, मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचो, आणि त्याच क्रमाने तिने ती इंग्रजीत मांडायची. शब्द साधे राहिले तरी चालतील, क्रम सोडायचा नाही.

घटना अशी: पेमेंट गेटवे पैसे जमा झाल्याचा वेबहुक, म्हणजे आपोआप येणारा निरोप, पाठवतो. आपल्याकडून वेळेत होकार गेला नाही तर तोच पुन्हा पाठवतो. एका महिनाअखेरीला डेटाबेस मंदावला, होकार उशिरा गेले, वेबहुक दुबार आले आणि काही वितरकांच्या खात्यावर एकच रक्कम दोनदा जमा दिसली.

मुलाखतकाराने विचारलं, "रेडिसमध्ये लॉक का नाही घेतला?"

ती म्हणाली, "टीमचं पहिलं मत तेच होतं. मी नको म्हटलं. लॉकला मुदत असते, आणि आमचा त्रासच मुळात काम मुदतीत न संपण्याचा होता. शिवाय लॉक एका जागी आणि खातं दुसऱ्या जागी. मधे प्रोसेस मेली तर कोण खरं?"

"मग?"

"खात्यातली नोंद आणि इव्हेंटचा आयडी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिला, आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच आयडी पुन्हा लिहिता येणार नाही. दुसऱ्यांदा आला की डेटाबेस स्वतःच नाही म्हणतो, आणि आम्ही गेटवेला होकार देऊन मोकळे."

"आणि गेटवेने एकाच पेमेंटसाठी दोन वेगळे आयडी पाठवले तर?"

इथे ती थांबली. मग म्हणाली, "तसं नंतर झालंही. म्हणून कन्स्ट्रेंट बदलून पेमेंटचा आयडी आणि इव्हेंटचा प्रकार या जोडीवर नेला. पहिल्या वेळी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

पुढच्या अर्ध्या तासात परीक्षेचा सूर गेला आणि दोन कारागीर एकाच मागाबद्दल बोलत बसावेत तसं झालं, असं ती सांगते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ऑफर आली.

ऑफर आणि पत्रातल्या ओळी

एचआरचं म्हणणं: ३० दिवसांत रुजू व्हा, उरलेल्या नोटीसचा बायआउट, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे, आम्ही भरतो. ऐकायला उदार. पण तसं केलं तर पाच वर्षं पुरी होत नाहीत. तिने सरळ हिशेब पाठवला: एकतर १,८७,५०० जॉइनिंग बोनस म्हणून द्या, नाहीतर मी १३ ऑगस्टपर्यंत तिथेच आहे. कंपनीने तारीख निवडली. सोमवार, १८ ऑगस्ट. मला वाटतं, घासाघीस टिकली ती आकडा खरा आणि तपासता येण्याजोगा होता म्हणून. "मला थोडं जास्त हवंय" याला एचआरकडे शंभर उत्तरं तयार असतात.

पत्र आलं तेव्हा त्यात कामाचं ठिकाण बेंगळुरू लिहिलेलं, आणि खाली नेहमीची ओळ की कंपनी गरजेनुसार कुठेही बदली करू शकते. रिक्रूटर म्हणाला, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम, प्रॅक्टिसमध्ये सगळे रिमोटच आहेत." असंच "प्रॅक्टिसमध्ये" तिच्या जुन्या कंपनीतही सगळे रिमोट होते, जानेवारीपर्यंत. तिने सही थांबवली. चार दिवस मेल इकडून तिकडे फिरल्या, त्या चार दिवसांत घरात कुणी नीट बोललं नाही. शेवटी दोन ओळी बदलल्या: कामाचं ठिकाण सोलापूर, घरून, आणि ते बदलायचं तर ९० दिवसांची लेखी सूचना.

मधेच जुन्या कंपनीच्या वरिष्ठांचा फोन आला. पगारवाढ आणि "तुझ्यासाठी रिमोट चालू ठेवू". तिने तेही लेखी मागितलं. मेल आली नाही.

निष्पत्ती

१३ ऑगस्टला ती मोकळी झाली, १८ ला रुजू झाली. ठरलेला पगार पाव हिश्श्याच्या आसपास वाढला. ईसॉप्स, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, हेही मिळाले, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, पहिल्या वर्षी काहीच नाही. ते तिने हिशेबात धरलेच नाहीत. ग्रॅच्युइटी कायद्याने ३० दिवसांत द्यायची असते, ती सप्टेंबरमध्ये जमा झाली.

२७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचं अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. नवऱ्याने कारखान्याची एक पाळी बंद ठेवली. राजीनाम्याला विरोध केला होता त्या सासऱ्यांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाखतीची तयारी मेल आल्यावर सुरू झाली, हे पहिलं. पाच वर्षांत एकदाही बाहेर राउंड दिला नव्हता. वर्षातून एखादा राउंड, नोकरी बदलायची नसतानाही, दिला असता तर मार्चमधला डिझाइनचा राउंड बहुधा हुकला नसता. आपल्या कामाचे आकडे आणि घटना लिहून ठेवायची वही तिने आता केली आहे. जुन्या घटना आठवताना तिला नेमकी तारीख आणि रक्कम सांगता येत नव्हती, आणि मुलाखतकार नेमका तिथेच थांबायचा.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न तिने एचआरला एप्रिलमध्ये विचारला. जानेवारीतच विचारला असता तर १५ मे ही तारीख आधीच ठरली असती आणि एप्रिलमधली घरातली ओढाताण टळली असती.

ऑफरशिवाय राजीनामा देण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तिच्या बाबतीत जमलं, कारण सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता, एका कंपनीशी बोलणं चालू होतं, आणि परतीचा रस्ता म्हणून पुण्याची खोली ठरलेली होती. यातलं एक जरी नसतं तर मी आणखी जोरात भांडलो असतो. हायब्रिड ऑफर स्वीकारून ठेवायच्या माझ्या सल्ल्यावर आमचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे. माझं म्हणणं एवढंच की कंपन्या स्वतः ऑफर मागे घेतात तेव्हा असा विचार करत नाहीत.

एक गोष्ट सुटली, ती आता सुधारता येत नाही. ठिकाण बदलायला ९० दिवसांची सूचना तिने मागून घेतली, पण ती मान्य नसेल तर नोटीसशिवाय बाहेर पडता येईल, अशी ओळ मागितली नाही. नव्या कंपनीतला तिचा स्वतःचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. उद्या ठिकाण बदलल्याची मेल आली, तर शोधायला हाती उरतात ३० दिवस.